डावा कोपरा

“तुमी दिपालीमॅडमचे मिस्टर ना?” रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

हितेश मोकलने मांडीवरची औषधाची पिशवी सारखी केली. रिक्षा रेवदंड्याच्या बाजारातून खाडीकडच्या रस्त्याला लागली होती. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील सुकत होते आणि त्या वासात उत्तर द्यायला तोंड उघडावं लागणार होतं.

“व्हय,” तो म्हणाला.

“मंग! माजी पुतनी हाय त्यांच्या टीममदी. काय पोरी तयार केल्यात मॅडमनी! रविवारी नागावला फायनल. आमी सगली चाललंव.” मग आरशात पुन्हा एकदा नीट निरखून तो म्हणाला, “तुमी पन खेलायचे ना कायतरी?”

कायतरी! हितेशने पिशवीची गाठ करकचून आवळली.

“कबड्डी,” तो म्हणाला. “थोडी.”

घरापाशी उतरल्यावर रिक्षावाला भाडं घेईना. मॅडमच्या माणसाकडून कसं घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. हितेशने नोट त्याच्या सीटवर भिरकावली आणि दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता पायऱ्या धाडधाड चढला. वर जाऊन मग बराच वेळ गुडघा धरून बसला.

आता हा हितेश मोकल कोण, हे मलाच सांगायला हवं. त्याला सांगू दिलं तर तो दुपारी सुरू करेल आणि जेवणं होतील तरी पहिल्याच सामन्यात असेल. भातकापणी झालेल्या शेतात, ढेकळं फोडून आखलेल्या मैदानावर तो खेळायला शिकला. जागा डावा कोपरा. समोरून चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात आला की तो मध्यरेषेवर परत गेला असं फारसं घडलं नाही. मिसरूड फुटतं न फुटतं तोच मुंबईच्या एका कंपनीने त्याला नोकरीसकट उचललं. पुढे टीव्हीवरची लीग आली, लिलाव आले, दक्षिणेतल्या एका संघाने त्याला घेतलं. त्याची पकड पडद्यावर सावकाश करून पुन्हा पुन्हा दाखवायचे. गावाच्या कमानीवर त्याचा फोटो लागला, खाली ‘आपल्या मातीतला वाघ’. चौथ्या हंगामात त्याच्याच संघातला एक धिप्पाड गडी पकडीच्या भरात त्याच्या गुडघ्यावर पडला आणि वाघ घरी आला.

घरी आल्यावर त्याने प्रशिक्षकाचा कोर्स केला आणि गावच्या मुलांचा संघ हाती घेतला. हाताशी ज्ञान होतं, पण ते त्याच्या अंगात होतं, जिभेवर नव्हतं. करून दाखवावं तर गुडघा वाकत नव्हता. मग तो ओरडायचा. त्याचं प्रत्येक दुसरं वाक्य ‘मी असतो तर’ असं सुरू व्हायचं. मुलं बिचारी ऐकून घ्यायची, दुसऱ्या फेरीत हरून यायची आणि हळूहळू येईनाशी झाली. आता संघ नावालाच होता. फलकावर.

दिपाली पेणकडची. कॉलेजात असताना चढाई करायची, आणि चांगली करायची. हितेशने तिला पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावरच, आणि आवडली तीही त्याचमुळे. लग्नानंतर तिला कोणी खेळू नको म्हणालं नाही. खेळतेस का, असं विचारलं मात्र कोणीच नाही. बारा वर्षं तिने त्याची जर्सी धुतली आणि गुडघ्याला तेल चोळलं. तीन वर्षांपूर्वी शाळेचे गुरुजी मुलींचा संघ काढायचा म्हणून हितेशकडे आले, तेव्हा तो म्हणाला होता, “पोरींची कबड्डी माजं काम नाय, गुरुजी. आमची मंडली रिकामी असते, तिला न्या.” म्हणजे हे त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. तेच त्याला जास्त झोंबायचं.

पहिल्या वर्षी त्याला गंमत वाटली. दुसऱ्या वर्षी पोरी जिंकायला लागल्या, तेव्हा त्याने नाक मुरडलं. यंदा कमानीवरचा त्याचा रंग उडालेला फोटो काढून तिथे पोरींच्या मधे उभी असलेली दिपाली लागली, आणि तो मासळी आणायला मागच्या वाटेने जायला लागला. त्याची आई सखुबाई हिने ‘माजा जीव घाबरतो’ म्हणून मुलाचा एकही सामना पुरता पाहिला नव्हता. ती आता प्लास्टिकची खुर्ची काखोटीला मारून सुनेच्या सामन्यांना जायची आणि पंचांना शिव्या द्यायची. जळायला माणसाला आणखी काय लागतं!

त्यात गावच्या कबड्डी मंडळाच्या धर्माशेठने बातमी आणली. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाला प्रशिक्षक हवा होता, निवड समिती नागावला सामने बघायला येणार होती, आणि जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचंच नाव पुढे जाईल असं ऐकिवात होतं. मुलांच्या संघाच्या त्याच जागेसाठी हितेशने दोनदा खटपट केली होती. दोन्ही वेळा ‘बघू’ असं उत्तर आलं होतं.

शनिवारी संध्याकाळी तो सरावाला गेला. म्हणजे देवळामागच्या मैदानाच्या दगडी गडग्यावर जाऊन बसला. पोरींनी खडे वेचून माती मऊ केली होती. दिपाली सलवार खोचून, शिट्टी गळ्यात अडकवून मध्यरेषेवर उभी होती. ती ओरडत नव्हती. एखादीचं चुकलं की जवळ जायची, तिच्या कमरेला धरून तिला हवी तशी वळवायची आणि म्हणायची, “आता कर.” आणि पोर करायची.

सगळ्यांत चलाख होती शिवानी. उंच, काटकुळी, वाऱ्यासारखी आत शिरायची. बोनसची रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याला हुलकावणी द्यायची आणि गर्रकन वळून परत. गडग्यावर बसलेल्या पोरासोरांनी टाळ्या वाजवल्या. हितेशने नाही वाजवल्या. त्याला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं आणि आज पुन्हा दिसलं. परतताना ती नेहमी डाव्या खांद्यावरून वळायची. वळताना डाव्या कोपऱ्याकडे तिची पूर्ण पाठ व्हायची. निमिषभरच, पण तिथे जाणता गडी असेल तर निमिष पुष्कळ झालं. हितेशने आख्खी कारकीर्द त्या निमिषावर उभी केली होती.

सराव संपल्यावर दिपाली घाम पुसत त्याच्यापाशी आली.

“अवो, शिवानीचं बघितलंत?”

“बघितलं.”

“मना कायतरी खटकतंय तिच्यात. परत येताना. पन सापडत नाय. तुमाला काय दिसतं का?”

तिने खरंच विचारलं होतं. तोंड वर करून, डोळ्यांत डोळे घालून, लग्न झालं तेव्हा विचारायची तसं. एका वाक्याचं काम होतं. हितेशच्या ओठांवर ते आलंही. मग त्याला कमान आठवली, रिक्षावाल्याचं ‘कायतरी’ आठवलं. सगळं आहे हिच्याकडे, तर हेही हिलाच का द्यायचं? हे एक तरी आपलं राहू दे.

“काय नाय,” तो म्हणाला. “तुज्या पोरी. तुला म्हाईत.”

रविवारी नागावच्या किनाऱ्याजवळच्या वाडीत मैदान फुललं होतं. माडांना कर्णे बांधले होते. भजीवाले, आइस्क्रीमवाले, मुंबईहून आलेले आणि घोडागाडीतून उतरून हे काय चाललंय म्हणून थबकलेले पाहुणे, सगळे दोरीपलीकडे दाटले होते. मुलींचा अंतिम सामना उन्हं कलल्यावर होता. समोर रोह्याकडचा संघ, दणकट पोरींचा.

आयोजकांनी हितेशला समालोचनाला बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून मंचावर गेला. बोलावणाऱ्याने माईकवर सांगितलं, “आता आपल्यासमोर येत आहेत, आपल्या सर्वांच्या लाडक्या दिपालीमॅडम यांचे यजमान, माजी खेळाडू हितेश मोकल!” टाळ्या कडाडल्या. त्या कोणासाठी होत्या हे कळायला हितेशला कोर्स करायची गरज नव्हती.

पण माईक हातात आला आणि त्याला बरं वाटलं. कर्ण्यांतून स्वतःचा आवाज माडांवरून परत येताना ऐकला आणि आणखी बरं वाटलं. तो छान बोलत होता, खोटं कशाला सांगू. कोपऱ्यातली पोर वाकून उभी राहिली की म्हणायचा, “बघा, घरी केर काढताना अशी वाकते का विचारा तिच्या आईला!” लोक खिदळत होते. सखुबाई खुर्चीवर उभी राहून पंचाला खुणा करत होती. मध्यंतराला दिपालीचा संघ चार गुणांनी पुढे होता. शिवानीने दोनदा बोनस घेऊन कोपऱ्याला हुलकावणी दिली होती, आणि रोह्याच्या पोरींना तिची पाठ अजून दिसली नव्हती.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आघाडी दोन गुणांवर आली. गर्दी गप्प झाली. मंचाच्या खाली, हितेशच्या पायांशी दोन म्हातारे बसले होते. टोपीवाला म्हणाला, “बायचं डोकं बघ कसं चालतं. हिला कोनी शिकवलं असंल रं?”

“कोन शिकवनार? आपली आपन शिकली.”

“नवरा मोठा खेलाडू व्हता ना?”

“त्याचा काय संबंध!” दुसरा म्हणाला आणि तंबाखू चोळायला लागला.

समालोचकाचा एक नेम असतो. कुठे लिहिलेला नाही, पण या किनाऱ्यावर माईक धरणारा प्रत्येक जण तो पाळतो. झालं ते सांगायचं, करायचं काय ते सांगायचं नाही. कर्णा दोन्ही संघांना ऐकू येतो. हितेशला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी त्याला फक्त त्या दोन म्हाताऱ्यांना ऐकवायचं होतं.

“मंडळी,” तो म्हणाला, “आता शिवानी चढाईला निघेल. तुम्हा सगळ्यांना तिचा बोनस दिसतो. मला काय दिसतं सांगू? ही पोर परतताना दर वेळी डाव्या खांद्यावरनं वळते. डाव्या कोपऱ्याला पाठ दाखवते! मी असतो तर घोटा कधीच सोडला नसता!”

माडांवरून ते शब्द परत आले. मैदानावर रोह्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या आठ नंबरच्या पोरीने मान उचलली. तिच्या प्रशिक्षकाने बाजूने दोन बोटं हलवली आणि ती अर्धं पाऊल मागे सरकली.

दिपालीने मंचाकडे पाहिलं. फक्त एकदा. मग ती पंचाकडे धावली, पण तिच्या संघाचे दोन्ही टाइम-आउट वापरून झाले होते. शिवानी मध्यरेषा ओलांडून गेली होती.

“उजवीकडनं! शिवानी, उजवीकडनं!” दिपाली ओरडली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ओरडली. पोर बोनस घेऊन वळली. सवयीने डावीकडे, मग ओरडणं ऐकून उजवीकडे, आणि त्या घोटाळ्यात जागच्या जागी थिजली. आठ नंबरने घोटा धरला. बाकीच्या सगळ्या तिच्यावर कोसळल्या.

हितेशने माईक दोन्ही मुठींनी आवळला. क्षणभर त्याला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. आपण धरायचो तसाच धरला होता तिने. मग त्याला मातीत पालथी पडलेली शिवानी दिसली, सखुबाई खुर्चीवरून उतरताना दिसली, आणि पुढचं वाक्य त्याला सुचेना. आयोजकांपैकी कोणीतरी येऊन माईक हळूच काढून घेतला. आतली सगळ्यात चांगली पोर बाहेर बसली होती, बाकीच्यांचा धीर सुटला होता. दिपालीचा संघ एका गुणाने हरला.

बक्षिसं द्यायला माजी खेळाडू म्हणून हितेशलाच उभं केलं. उपविजेत्या संघाची ढाल घ्यायला दिपाली मंचावर आली. तिच्या कपाळावर माती होती. तिने ढाल दोन्ही हातांनी घेतली, फोटोवाल्याकडे बघितलं आणि हितेशला म्हणाली, “थँक्यू, सर.”

मंचाच्या पायरीवर धर्माशेठने हितेशला गाठलं. “समितीवाले रोह्याच्या मास्तरचं नाव नेतायत. वहिनीला बोल्ले, पुढच्या साली बघू.” आणि मग आवाज उतरवून, “तू काय बोललास रं माईकवर?”

‘बघू’. हितेशला त्या शब्दाची चव चांगली माहीत होती.

पोरी आणि सखुबाई टेम्पोतून गेल्या. हितेश आणि दिपाली मोटारसायकलवर. एरवी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. आज दोघांच्या मधे ढाल होती आणि तिचे दोन्ही हात ढालीला होते. दर खड्ड्याला ती ढाल त्याच्या पाठीत टोचत होती. त्याने एकदाही गाडी हळू केली नाही आणि तिने करायलाही सांगितलं नाही.

सखुबाईने ताटं वाढली. हितेशच्या पानात भात टाकताना म्हणाली, “माईकवर तूच व्हतास ना? मना वाटलं, कोन वैरी बोलतोय.” मग बांगड्याच्या कालवणाची वाटी त्याच्यापुढे न ठेवता सुनेपुढे ठेवली. “लहान व्हतास तवा पन असाच. दुसऱ्याच्या पानात तुकडा पडला का तुज्या पोटात दुखायचं.”

म्हातारी उठून गेली. दिपालीने घास कालवला, पण तोंडात घातला नाही.

“कदीपासून दिसत व्हतं तुमाला?”

हितेशने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

“पयल्या दिवसापासून?”

“तू सगलं तुज्या मनानं करतेस,” तो एकदम उसळला. “गावभर मॅडम, मॅडम. मला कोन इचारतं?”

“मी इचारलं व्हतं,” ती म्हणाली. “काल. गडग्यापाशी.”

हितेश भातातून खडा शोधत बसला. खडा नव्हता.

“आपल्या खेलात बाद झाला त्यानं बाहेर बसायचं,” दिपाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. “संघातल्या कोनी गुन आनला का तो आत येतो. बारा वर्सं मी बाहेर बसून तुमचं गुन मोजलं. तुमी इतकं गुन आनलंत, पन मना आत घ्यायचं तुमच्या कदी ध्यानात आलं नाय. आले ती माजी मी आले. आन तुमाला तेवढं पन बघवलं नाय.”

तिने ताट उचललं. मोरीशी गेली, परत दारात आली.

“शिवानी रडत व्हती टेम्पोत. तिला वाटतं तिचीच चूक. सकाली मैदानात या आन डाव्या कोपऱ्यात उबं रावा. बोलायचं नाय. माईक नाय. नुसतं धरायचं.”

ढाल तिने त्याच्या काचेच्या कपाटात ठेवली नाही. तिथे तशीही जागा नव्हती, सगळीकडे त्याचेच चषक होते. ती तिने स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांच्या बाजूला उभी केली.

सकाळी मैदानावर दव होतं. हितेश गुडघ्याला पट्टा बांधून आला तेव्हा पोरी आधीच आल्या होत्या. एरवी ‘काका’ म्हणून गलका करणाऱ्या पोरींनी आज नुसतं बघितलं आणि आपापल्या जागा घेतल्या. तोही जाऊन डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. कितीतरी वर्षांनी. जागा तीच होती, पण मध्यरेषा फार लांब गेल्यासारखी वाटत होती.

कोपऱ्याशेजारची पोर ताप आल्याने आली नव्हती. तिच्या जागी दिपाली येऊन उभी राहिली. कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी नेहमी हात धरून साखळी करतात. एक पुढे झेपावला की दुसरा त्याला सावरतो. हितेशचा उजवा हात आपसूक तिच्याकडे गेला.

“आज साखली नाय,” ती समोर बघत म्हणाली. “एकट्यानं धरा.”

शिट्टी वाजली. शिवानी आत आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण पाय कालचेच होते. ती बोनसच्या रेषेपाशी झुलली, पुढे सरकली, तिने हितेशला हुलकावणी दिली. हितेश थांबला. डाव्या खांद्याची, त्या पाठीची वाट बघत थांबला. पोर उजव्या खांद्यावरून वळली. पाठ आलीच नाही. दिसले ते तिचे डोळे, थेट त्याच्यावर रोखलेले. त्याने झेप टाकली. गुडघ्यातून कळ निघाली, पोट मातीवर आपटलं, आणि पंजात आली ती दवाने ओली झालेली माती.

शिवानीचा पाय मध्यरेषेला लागला. पोरींनी एकच कल्ला केला. त्यात शिवानीचं हसणं सगळ्यांत मोठं होतं.

हितेश पालथाच पडून होता. त्याला वाटलं, आता कोणीतरी हात देईल. कोणी दिला नाही.

“परत,” दिपाली म्हणाली.

तो दोन्ही हातांवर जोर देऊन उठला. ओठांवरची माती पुसली, लंगडत कोपऱ्यात गेला आणि वाकून उभा राहिला. उजवा हात सवयीने पुन्हा बाजूला गेला होता. तो त्याने मागे घेतला आणि स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवला.